ट्रायलचे सात दिवस : पाठीत मशीन बसवण्याआधी

"वहिनी, तुमच्या मिस्टरांना ते पाठीत बॅटरीचं काय बसवलंय, ते आमच्या आईला चालेल का?" असा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. नौपाड्यातून येतो, घोडबंदरहून येतो, परवा तर नेरूळच्या एका अनोळखी गृहस्थांचा आला. दर वेळी तेच तेच सांगून झालं, म्हणून एकदाचं लिहून काढते. मी डॉक्टर नाही, फाइल सांभाळणारी बायको आहे. तेव्हा औषधाचा डोस वगैरे मला विचारू नका.

ह्यांच्या मणक्याची दोन ऑपरेशनं झाली. दुसऱ्यानंतर कंबर सुधारली, पण डाव्या पायाची आग काही थांबेना. नवा एमआरआय बघून सर्जन म्हणाले, "आता आत काहीच दाबलेलं नाही. तिसऱ्यांदा उघडून मी काय करू?" आणि त्यांनी पेन क्लिनिकची चिठ्ठी दिली. स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन, म्हणजे मज्जारज्जूला विजेचा हलका करंट देणं, हे नाव तिथे पहिल्यांदा कानावर पडलं. आमच्या घरात त्याचं नाव 'मशीन'. बिल्डिंगमध्ये 'पाठीचा पेसमेकर'.

मशीन नेमकं करतं काय

कोपर दाराच्या कडेला आपटलं की दुसरा हात आपोआप तिथे जातो आणि आपण चोळायला लागतो. चोळल्याने मार काही कमी होत नाही, पण कळ कमी लागते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये यामागचा विचार मांडला. स्पर्श नेणाऱ्या जाड नसा आणि वेदना नेणाऱ्या बारीक नसा मज्जारज्जूत एकाच फाटकापाशी येतात. स्पर्शाची गर्दी झाली की वेदनेला आत शिरायला वाट मिळत नाही. सकाळी आठ वाजता ठाणे स्टेशनवर लोकलच्या दाराशी उभं राहिलेल्याला हे जास्त समजावून सांगायला नको. दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, नॉर्मन शीली या अमेरिकन न्यूरोसर्जननी कॅन्सरच्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूपाशी इलेक्ट्रोड बसवून हे करून पाहिलं.

आजच्या मशीनचे तीन भाग. एक बारीक वायर, तिला 'लीड' म्हणतात. तिच्या टोकाला धातूच्या छोट्या पट्ट्या असतात, बहुतेक वेळा आठ. ही वायर पाठीच्या कण्यात, पण मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेर बसते. दुसरी बॅटरी, म्हणजे कातडीखालची छोटी डबी, बहुधा कमरेच्या खाली, नितंबाच्या वरच्या भागात. तिसरा रिमोट, तो आपल्या हातात. जुन्या पद्धतीत सेकंदाला करंटचे ४०-६० ठोके देतात आणि दुखऱ्या जागी मुंग्या येतात. नव्या पद्धतींपैकी एकीत सेकंदाला १०,००० ठोके असतात, तेव्हा काहीच जाणवत नाही. फाटकाच्या गोष्टीत हे नीट बसत नाही, असं डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा: यानं दुखण्याचं मूळ जात नाही. झिजलेला मणका झिजलेलाच राहतो. मेंदूकडे जाणारी दुखण्याची वर्दी तेवढी वाटेत अडते.

आधी दुखण्याला नाव द्या

इथे सगळ्यात जास्त गडबड होते, म्हणून इथे थोडी थांबते. आपण डॉक्टरांना सांगतो 'पाय दुखतो'. त्यांना त्यातून काहीच कळत नाही. आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत, आणि क्लिनिकमध्ये गेल्यावर नेमके ते घरी राहतात. पहिल्या भेटीत हे "पेन होतं, खूप पेन होतं" एवढंच म्हणत होते. डॉक्टर मल्याळी, पण मराठी चांगलं बोलायचे. ते म्हणाले, "काका, तुमच्या आईला लहानपणी सांगायचात तसं सांगा."

मग ह्यांनी सांगितलं : पोटरीच्या बाहेरच्या बाजूला आग होते, मिरची लागल्यासारखी भगभग. रात्री चादर नुसती घासली तरी सहन होत नाही. मधूनच चमक येते, करंट बसल्यासारखी, थेट अंगठ्यापर्यंत. पावलाची वरची बाजू बधिर. डॉक्टरांनी तेवढं जसंच्या तसं लिहून घेतलं.

आग, भगभग, मुंग्या, करंट, सुया टोचणं, बधिरपणा हे शब्द नसेच्या दुखण्याचे. मशीनचं काम मुख्यतः अशा दुखण्यावर. कंबर अवघडते, उठताना कळ येते, चाललं की रग लागते, उसण भरते, हे बहुतेक वेळा सांधे, स्नायू आणि मणक्यांमधल्या गादीचं दुखणं. त्यावर मशीनचा भरवसा कमी. बऱ्याच जणांत दोन्ही मिसळलेलं असतं. म्हणून शरीराचं एक साधं चित्र काढा, पुढून आणि मागून, आणि कुठे कुठला शब्द ते त्यावर लिहा. आमच्या मुलीनं जुन्या कालनिर्णयच्या पाठकोऱ्या बाजूला असा माणूस काढला होता. बाबांपेक्षा बराच सडपातळ. तोच कागद पुढे ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत गेला.

हा उपचार सहसा कुणाला सुचवतात? मणक्याच्या ऑपरेशननंतरही पाय जळत राहिलेल्यांना. सीआरपीएस नावाच्या दुखण्यात, म्हणजे मार लागून बरा झालेला हात किंवा पाय पुढे महिनोन्‌महिने सुजतो, लाल होतो, शिवून घेत नाही, तेव्हा. आणि मधुमेहानं पायांच्या नसा जळत असतील तर. औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं या कारणासाठी २०२१ मध्ये परवानगी दिली. हा उपचार सुचवतात तोही गोळ्या, व्यायाम, इंजेक्शनं असं सगळं करून झाल्यावर. प्रीगाबालिन किंवा ड्युलॉक्सेटीनसारखी नसेची औषधं पुरेशा डोसात कधी घेतलीच नसतील, तर आधी ती.

पायातली ताकद रोज कमी होत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर मशीनचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी सर्जन गाठा. तिथे दाबलेली नस मोकळी करण्याची घाई असते.

कुणाकडे जायचं, काय विचारायचं

हे काम पेन फिजिशियन करतात, जे बहुतेक मुळात भूलतज्ज्ञ असतात, नाहीतर न्यूरोसर्जन. ठाणे, नवी मुंबईत मोठी हॉस्पिटलं भरपूर, पण हे काम सगळीकडे होत नाही आणि जिथे होतं तिथेही रोज होत नाही. तेव्हा संकोच न करता विचारा : तुम्ही स्वतः अशी किती मशीनं बसवलीत? त्यातली किती काढावी लागली? बसवल्यावर सेटिंग कोण करणार, तुम्ही की कंपनीचा माणूस, आणि तो मुंबईत राहतो की बोलावल्यावर दुसऱ्या शहरातून येतो? शेवटचा प्रश्न मला कुणी सुचवला नव्हता. पहिल्या वर्षात सेटिंगसाठी किती खेपा होतात ते कळल्यावर त्याचं महत्त्व पटलं.

आम्ही आधी एका ठिकाणी गेलो होतो, तिथे केबिनमध्ये बसल्या बसल्या 'शंभर टक्के फरक पडेल' असं ऐकलं. आम्ही चहा पिऊन परत आलो.

कारण शंभर टक्के कुणाचंच नाही. ऑपरेशननंतर पाय दुखणाऱ्या १०० रुग्णांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात मशीन बसवलेल्यांपैकी सहा महिन्यांनी ४८ टक्के लोकांचं पायाचं दुखणं निम्म्यानं किंवा त्याहून जास्त उतरलं होतं. नुसत्या औषधोपचारावरच्या गटात ९ टक्के लोकांचं. पण २०२२ मध्ये नॉर्वेतल्या डॉक्टरांनी ५० जणांना मशीन बसवून, त्यांना न सांगता, काही काळ ते चालू आणि काही काळ बंद ठेवून पाहिलं, तर दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्यांनी मशीनची 'बर्स्ट', म्हणजे थांबून थांबून ठोक्यांचे झुबके देणारी, ही एकच पद्धत तपासली होती. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं कंबरदुखीवरचे अभ्यास एकत्र तपासले आणि दीर्घकाळ फायदा होतो असं म्हणायला पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. हे सगळं डॉक्टरांसमोर ठेवायला लाजू नका. आमच्या डॉक्टरांनी शांतपणे उत्तर दिलं, "म्हणूनच मी ट्रायलशिवाय कुणाला बसवत नाही. आणि ट्रायलही फसवू शकते, ती फसू नये हे तुमच्या हातात." ट्रायल म्हणजे पक्कं मशीन बसवण्याआधी काही दिवस बाहेरच्या बॅटरीवर घेतलेली चाचणी.

मानसोपचारतज्ज्ञांची एक भेट ठरवतात. ह्यांना राग आला, "म्हणजे मी नाटक करतोय?" तसं नसतं. जुन्या दुखण्याबरोबर झोप जाते, उदासी येते, आणि ती तशीच राहिली तर मशीनचा गुण कमी येतो. शिवाय माणसाला रिमोट हाताळता येईल ना, अपेक्षा जमिनीवर आहेत ना, हेही बघतात.

पैशांचं

मशीनची किंमत लाखांत असते आणि मॉडेलप्रमाणे बरीच बदलते, म्हणून आकडा मी लिहीत नाही. लेखी अंदाजपत्रक मागा आणि त्यात ट्रायल, पक्कं ऑपरेशन, मशीन आणि पुढे बॅटरी बदलण्याचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. हेही विचारा की ट्रायलची वायर काढून टाकून पुढे नवी घालणार, की तीच पक्की वायर ठेवून नुसती बॅटरी जोडणार. दुसऱ्या प्रकारात वायरचे पैसे वाचतात, पण ट्रायल फसली तर ती काढायला पुन्हा थिएटरमध्ये जावं लागतं.

विम्याचा एजंट 'सगळं कव्हर आहे' म्हणेल. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयनं २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली. त्यात डीप ब्रेन स्टिम्युलेशन आहे. ते मेंदूतलं. आपलं हे पाठीतलं त्या यादीत नाही, आणि एजंट दोन्हींत हमखास गल्लत करतो. यादीत नाही म्हणजे मिळणारच नाही असं नव्हे, पण उपचाराचं पूर्ण नाव लिहून कंपनीला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. पॉलिसी नवी असेल तर जुन्या आजाराचा प्रतीक्षाकाळ बघा; २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षं. ऐपत नसेल तर धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. गरिबांसाठीच्या राखीव खाटांचं तिथेच कळतं.

ट्रायलच्या आधी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना सांगा. त्या कधी थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरतं, मनानं बंद करू नका. साखर आटोक्यात हवी. दाताला पू, पायाला चिखल्या, अंगावर गळू, काही असेल तर आधी ते बरं करा, कारण जंतुसंसर्ग झाला तर मशीन काढायची वेळ येते. तंबाखू बंद. ह्यांची मिश्री त्या निमित्तानं सुटली, हा वरचा फायदा.

ट्रायल

वाशीच्या एका हॉस्पिटलात ऑक्टोबरमध्ये आमची ट्रायल झाली. पालथं झोपवतात, पाठीचा भाग बधिर करतात, थोडी गुंगी देतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुईतून वायर वर सरकवतात. पायाच्या दुखण्यासाठी तिचं टोक बहुधा पाठीच्या मधल्या भागापर्यंत, पाठीच्या आठव्या-नवव्या मणक्यापाशी नेतात. मुंग्यांची पद्धत असेल तर मध्येच करंट सोडून विचारतात, "काका, कुठे जाणवतंय?" पूर्ण भूल देत नाहीत ती यासाठीच. ह्यांनी घरी सराव केला होता. "मांडीच्या पुढे... नको, खाली घ्या... आता पोटरी, बाहेरची बाजू. हां, इथेच आग होते." 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणणारा पेशंट स्वतःचंच नुकसान करतो.

मग पाठीतून निघालेली वायर चिकटपट्टीनं बसवतात, बाहेरची बॅटरी पट्ट्यात अडकवतात आणि घरी सोडतात. तीन ते दहा दिवस, बहुतेक ठिकाणी आठवडाभर. आम्ही ठाणे-बेलापूर रोडनं गाडीतून आलो, पुढची सीट मागे झुकवून. लोकलचा विचारही नको.

पहिल्या रात्री दीडला हे ओरडून जागे झाले. "करंट वाढला!" घाबरले मी. बिघाड काही नव्हता. आडवं झालं की मज्जारज्जू वायरच्या जवळ सरकतो आणि तोच करंट जोरात लागतो. खोकलं, शिंकलं तरी झटका बसतो. रिमोटवरचं कमी करण्याचं बटण अंधारात चाचपून सापडेल असं पाठ करा. झोपायच्या आधीच दोन पायऱ्या खाली आणा.

चौथ्या दिवशी खरा घोटाळा झाला. ऑक्टोबरचा उकाडा, घामानं पट्टीची एक कड सुटली, आणि मी हुशारी करून घरची चिकटपट्टी वरून लावली. संध्याकाळी मुंग्या पोटरीतून निघून बरगडीखाली यायला लागल्या. वायर थोडी सरकली होती. फोन केला, दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाला, आणि कंपनीच्या इंजिनिअरनं वायरवरच्या आठातल्या वेगळ्या पट्ट्या चालू करून मुंग्या परत पायात आणल्या. दर वेळी असं जमत नाही. तेव्हा शक्य असेल तर ट्रायल थंडीत घ्या, नाहीतर एसीच्या खोलीत राहा. अंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं. पट्टी सुटली तर हात न लावता फोन करायचा. वाकणं, वळणं, वजन उचलणं बंद.

आणि वही. दुखणं निम्म्यानं कमी झालं तर ट्रायल पास, असा सर्वसाधारण नियम आहे. पण शून्य ते दहातला आकडा फसवा असतो. इतका खर्च, इतकी धावपळ, मुलीनं रजा काढलेली. अशा वेळी माणूस आठाचा चार सांगून मोकळा होतो. मी तीन दिवसांनी वही उलटून बघितली तर रोज 'चार', आणि गोळ्या मात्र तेवढ्याच. मग मी आकडा विचारणं सोडलं आणि कामं लिहायला लागले. दाढी उभ्यानं केली की बसून? जेवताना किती वेळा उठले? रात्री किती वेळा दिवा लावला? पायावर चादर घेतली का? गोखले रोडवरून तलावपाळीला चालत गेलो तेव्हा कुठे थांबलो? सहाव्या दिवशी तलावाला पूर्ण फेरी झाली आणि कौपिनेश्वराच्या दारात ह्यांनी उभ्यानं चपला काढल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. ते मी लिहिलं. 'कंबर तशीच' हेही लिहिलं, कारण ती खरोखर तशीच होती.

वायर काढल्यावर दोन दिवस आणखी लिहा. दुखणं परत आलं का, किती आलं, कशा शब्दांत आलं. निर्णय या दोन दिवसांत होतो. आणि वही नाही म्हणाली तर नाही. आमच्याबरोबर ट्रायल झालेल्या ऐरोलीच्या बाईंनी तिथेच थांबवलं, आणि त्यांचा मुलगा 'पैसे फुकट गेले' म्हणत होता तरी मला त्यांचंच पटलं.

पक्कं बसवल्यावर

ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात एक-दोन दिवस. बॅटरीची बाजू आधी ठरवा : पैशाचं पाकीट ठेवता त्या बाजूला नको, पँटच्या पट्ट्याखाली नको. चार्जिंगची बॅटरी नऊ-दहा वर्षं किंवा जास्त चालते, पण दर काही दिवसांनी चार्जर कमरेला लावून बसावं लागतं. बिनचार्जिंगची वापराप्रमाणे काही वर्षांत संपते आणि बदलायला छोटं ऑपरेशन लागतं. एकट्या राहणाऱ्या, हात थरथरणाऱ्या माणसाला मी बिनचार्जिंगचीच सुचवेन.

सहा ते आठ आठवडे वायर आत धरेपर्यंत पथ्य कडक. यादीत 'वाकू नका, हात डोक्यावर नेऊ नका' एवढंच लिहिलेलं असतं. आपल्या घरात त्याचा अर्थ असा : वरच्या दोरीवर कपडे वाळत घालणं नाही, माळ्यावरचा डबा नाही, पाण्याची बादली नाही, पंगतीला खाली बसणं नाही, वाकून नमस्कार नाही, लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहणं नाही, खड्ड्यांतून स्कूटर नाही. गणपती आले तर मूर्ती दुसऱ्यानं उचलायची.

जखम लाल झाली, पाझरायला लागली किंवा ताप आला तर उद्यावर टाकू नका. उभं राहिल्यावर डोकं फुटेल असं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, हेही कळवा. मणक्यातलं पाणी झिरपत असेल. पाय अचानक लुळे पडले, पाठीत भयंकर कळ आली किंवा लघवी अडली तर थेट इमर्जन्सी, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये पहिलं वाक्य हेच बोला : "माझ्या पाठीत मशीन आहे, डायथर्मी चालणार नाही." गल्लोगल्ली शेकाचं ते मशीन असतं. त्याची ऊर्जा वायरमधून जाऊन आतला भाग भाजू शकतो, आपलं मशीन बंद असलं तरीही. एमआरआयच्या आधी मॉडेलचं कार्ड दाखवा. काही मशीनं ठरावीक अटींवर चालतात, काही चालतच नाहीत. दुसरं कुठलंही ऑपरेशन असलं तरी सर्जनना आधी सांगा. मुंग्यांची पद्धत असेल तर गाडी चालवताना मशीन बंद ठेवा.

मॉल, विमानतळ इथल्या कमानीतून जाताना झटका बसू शकतो. कार्ड दाखवून हातानं तपासायला सांगा. ह्यांनी कार्ड लॅमिनेट करून रेल्वेच्या पासशेजारी ठेवलंय. परवा एका मॉलच्या वॉचमननं ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "काका, पेसमेकर पाठीत?" मग त्याच्या वडिलांच्या पायाची चौकशी सुरू झाली. आग होते की रग लागते, ते मी आधी विचारून घेतलं.